कोयासानवर सकाळी सहाची न्याहारी कोणासाठी जाते?

जपानला जाऊन आलेल्या माणसाच्या फोनमध्ये फुजी असतो, क्योतोच्या लाल कमानी असतात, आणि हल्ली एक कोड्यात टाकणारा फोटोही असतो. कोयासान या डोंगरावरच्या मंदिरांच्या गावात, उंच झाडांच्या गर्द सावलीत पिवळ्या वस्त्रांतले भिक्षू एक साधी लाकडी पेटी वाहून नेताहेत. फोटो दाखवणारा म्हणतो, “यात नाश्ता आहे. अकराशे नव्वद वर्षांपूर्वी गेलेल्या एका साधूसाठी.” ऐकणाऱ्यांतले निम्मे “काय अंधश्रद्धा!” म्हणतात, निम्मे “काय गूढ देश!” म्हणतात, आणि पुढचा फोटो येतो.

दोन्ही उत्तरं घाईची आहेत. ही पेटी समजली, तर डोंगर हा जपानी धर्माचा पाया कसा आहे तेही बरंचसं समजतं.

आधी डोंगर, मग धर्म

जपानचा सुमारे तीन चतुर्थांश भूभाग डोंगराळ आहे. माणसं राहतात आणि भात पिकवतात ते उरलेल्या चिंचोळ्या पट्ट्यांत. भाताला पाणी लागतं आणि ते वरून, डोंगरातून येतं. म्हणून बौद्ध धर्म यायच्या आधीपासून खेड्यापाड्यांत एक समजूत होती: वसंतात डोंगराचा देव खाली उतरून शेताचा देव होतो आणि कापणी झाली की परत वर जातो. गावातलं माणूस गेलं की तेही त्याच वाटेने वर जातं, आणि काही पिढ्यांनी त्याचं नाव पुसलं जाऊन ते पूर्वजांच्या समूहात मिसळतं.

आपल्या जुन्या घरांत माळा असायचा. आजोबांची ट्रंक माळ्यावर असते. रोज दिसत नाही, पण ती घराबाहेर गेलेली नसते. जपानी गावासाठी डोंगर हा असा माळा होता. ‘स्वर्ग’ म्हटलं की दूर, अदृश्य काहीतरी डोळ्यांपुढे येतं. इथे मात्र मेलेली माणसं खिडकीतून दिसणाऱ्या हिरव्या उतारावरच असतात.

असे पवित्र डोंगर देशभर आहेत, पण सगळे एका साच्यातले नाहीत. फुजीवर चढून जातात. ओमिने डोंगरावर तपस्वी कड्यावरून ओणवे लटकतात, म्हणजे प्रतीकाने मरून परत येतात. कोयासान यांहून वेगळं आहे. ओसाकाच्या दक्षिणेला, वाकायामा प्रांतात, सुमारे ८०० मीटर उंचीवरचं हे एक पठार, त्याभोवती डोंगरांचं कडं. आठ शिखरं म्हणजे कमळाच्या आठ पाकळ्या आणि गाव म्हणजे मधला गाभा, असं तिथले लोक सांगतात. तेव्हा ‘कोयासान’ नावाचं एकच शिखर शोधायला जाऊ नका. (इथल्या ‘सान’चा अर्थ पर्वत. ‘तानाकासान’मधलं आदरार्थी ‘सान’ निराळं.)

पेटी ज्यांच्यासाठी जाते ते कूकाय

कूकाय यांचा जन्म ७७४ सालचा, शिकोकू बेटावरचा. तरुणपणी त्यांनी सरकारी नोकरीकडे नेणारं शिक्षण अर्ध्यावर सोडलं आणि डोंगरांत तप केलं. ८०४ साली ते जहाजाने चीनला गेले. तांग राजधानी चांगआनमध्ये नालंदेत शिकलेल्या प्रज्ञ नावाच्या भिक्षूकडून संस्कृत शिकले आणि हुईग्वो या आचार्यांकडून तांत्रिक बौद्ध परंपरेची दीक्षा घेतली. हुईग्वो तेव्हा आयुष्याच्या शेवटाला आले होते. जेमतेम काही महिन्यांत त्यांनी आपली सगळी विद्या या परदेशी शिष्याच्या हवाली केली. ८०६ साली कूकाय मायदेशी परतले.

त्यांनी जपानमध्ये उभ्या केलेल्या पंथाचं नाव शिंगोन. शब्दशः अर्थ ‘खरा शब्द’, म्हणजे आपला मंत्र. या पंथाचा गाभा एका वाक्यात सांगता येतो: बुद्धत्वासाठी असंख्य जन्म थांबायची गरज नाही, ते याच देहात मिळू शकतं. तोंडाने मंत्र, हाताने मुद्रा, मनाने ध्यान, ही तिन्ही जुळली की झालं. ‘याच देहात’ हे शब्द लक्षात असू द्या, पुढे लागणार आहेत.

८१६ साली सम्राट सागा यांनी कूकाय यांना कोयासान दिलं. दंतकथेला एवढ्या सरकारी उत्तराने समाधान होत नाही. ती सांगते की चीनच्या किनाऱ्यावरून कूकाय यांनी एक वज्र आकाशात भिरकावलं, आणि ते शोधत फिरताना त्यांना एक पांढरा आणि एक काळा कुत्रा घेतलेला शिकारी भेटला. तो शिकारी म्हणजे डोंगराचा देव. कुत्र्यांनी वाट दाखवली आणि वज्र पठारावरच्या एका पाइनमध्ये अडकलेलं सापडलं. त्या पाइनला एका देठावर तीन सुया येतात म्हणतात. अशी सुई सापडली तर लोक पाकिटात जपून ठेवतात, त्यामुळे झाडाखाली नेहमी कोणीतरी जमिनीवर नजर लावून फिरत असतं.

वारले की बसले?

८३५ साली, तिसऱ्या चांद्रमासाच्या एकविसाव्या दिवशी, कूकाय गेले. पण कोयासानवर हे क्रियापद कोणी वापरत नाही. तिथला शब्द आहे ‘न्यूजो’: ध्यानात प्रवेश करणं. मराठी वाचकाला हे समजावायला फार खटपट करावी लागत नाही, आपल्याकडे त्यासाठी ‘संजीवन समाधी’ हा नेमका शब्द आहे. आळंदीला जाणारा वारकरी जसा ज्ञानेश्वरांच्या ‘थडग्या’वर जात नाही, माउलींना भेटायला जातो, तसंच हे. याच देहात बुद्ध होता येतं असं शिकवणारा गुरू स्वतः देह टाकून गेला, हे शिष्यांना पटणं तसंही अवघडच होतं.

मग इतिहास काय म्हणतो? दरबारी बखरीत निवृत्त सम्राट जुन्ना यांचा शोकसंदेश आहे. बातमी उशिरा पोचली, त्यामुळे दहनाच्या वेळी मदतीला माणूस धाडता आला नाही, अशी खंत त्यात आहे. म्हणजे त्या काळी निदान राजधानीत तरी कूकाय वारले आणि त्यांचं दहन झालं असंच समजत होते. ‘ते अजून बसले आहेत’ ही श्रद्धा पुढच्या दीड-दोन शतकांत घट्ट झाली.

ती घट्ट करणारी कथा ९२१ सालची. सम्राट दाइगो यांनी कूकाय यांना ‘कोबो दाइशी’ ही पदवी दिली. दाइशी म्हणजे थोर गुरू, आणि जपानमध्ये नुसतं ‘दाइशी’ म्हटलं तरी बहुतेक वेळा हेच अभिप्रेत असतात. पदवी आणि नवी वस्त्रं घेऊन कांगेन नावाचे मठाधिपती समाधी उघडून आत गेले. आधी नुसतं धुकं होतं. प्रार्थना केल्यावर दाइशी दिसले, केस वाढलेले. कांगेननी हजामत केली, वस्त्रं बदलली. बरोबरच्या तरुण शिष्याला मात्र काहीच दिसेना, म्हणून गुरूंनी त्याचा हात धरून दाइशींच्या गुडघ्यावर ठेवला. त्या हाताचा सुगंध आयुष्यभर गेला नाही. मला या कथेतला हा न दिसलेला शिष्य फार आवडतो. देवस्थानच्या कथेत सहसा सगळ्यांना सगळं दिसतं.

तेव्हापासूनचा क्रम असा: रोज सकाळी सहाला आणि साडेदहाला जेवण जातं. वाटेत एका छोट्या जिझोपुढे थांबतात. जिझो म्हणजे प्रवाशांचा आणि मुलांचा सांभाळ करणारा बोधिसत्त्व. इथला जिझो जेवणाची चव बघतो. वर्षातून एकदा नवी वस्त्रंही अर्पण होतात. समाधीच्या सेवेचा मुख्य भिक्षू आत काय पाहतो ते कोणाला सांगत नाही.

इथे एक गल्लत नेहमी होते. उत्तर जपानमध्ये देवा सान्झानच्या परिसरात उपास करत देह सुकवून घेतलेल्या तपस्व्यांचे देह मंदिरांत दर्शनाला ठेवलेले आहेत. कोयासानवर तसं काही नाही. इथे दर्शनाला काहीच नाही. दार बंद आहे, आणि अख्खी श्रद्धा त्या बंद दारावर उभी आहे.

अ, व, र, ह, ख

समाधीच्या परिसराला ओकुनोइन म्हणतात, म्हणजे ‘सर्वांत आतलं मंदिर’. तिथे पोचायला पहिल्या पुलापासून सुमारे दोन किलोमीटर चालावं लागतं, आणि ती सगळी वाट स्मशानातून जाते. दोन लाखांहून अधिक समाध्या, त्यांवर शेवाळ, वर शेकडो वर्षांचे सुगी वृक्ष. (सुगी हे तिथल्या झाडाचं नाव, आपल्या सुगीशी नातं नाही.)

इथे मराठी माणसाने थांबून दगड वाचावेत, कारण ते चक्क वाचता येतात. बहुतेक जुन्या समाध्या पाच आकारांच्या उतरंडीसारख्या असतात: तळाला चौकोन, त्यावर गोल, मग त्रिकोणी छप्पर, अर्धचंद्र आणि वर थेंबासारखं रत्न. हीच पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश ही पंचमहाभूतं. प्रत्येक भूताचं अक्षर दगडावर कोरलेलं असतं: अ, व, र, ह, ख. लिपी देवनागरी नाही, सिद्धम् आहे, पण ओळखू येईल इतकी जवळची. लहान मुलाच्या शिक्षणाच्या सुरुवातीला आपण ‘ओनामा’ म्हणतो ना, तो ‘ओम् नमः सिद्धम्’चाच अपभ्रंश, आणि लिपीला नावही त्याच ‘सिद्धम्’वरून पडलेलं. जपानी मुळाक्षरांचा क्रमसुद्धा, अ-क-स-त-न-ह-म-य-र-व, संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासातून आला. समाधीमागे उभ्या केलेल्या लाकडी फळीला ‘सोतोबा’ म्हणतात, तो शब्द ‘स्तूप’. मंदिरात अग्नीत आहुती देतात तो विधी ‘गोमा’, म्हणजे ‘होम’.

नाती सापडली की आपल्याकडे लगेच “सगळं आपलंच आहे” सुरू होतं. तसं नाही. होम तिथे गेला, पण तो करतो बौद्ध भिक्षू, आणि आहुतीच्या लाकडावर इच्छा लिहिलेली असते जपानीत. बी इथलं असेल, झाड तिथल्या मातीतलं आहे.

इतक्या लोकांना तिथेच का पुरून घ्यायचं असतं?

कारण पुढे मैत्रेय येणार आहे. जपानी परंपरेत या भावी बुद्धाचं नाव मिरोकू, आणि तो ५ अब्ज ६७ कोटी वर्षांनी येईल असा हिशेब आहे. तेव्हा दाइशी ध्यानातून उठतील. त्या वेळी आपण त्यांच्या शेजारी असावं, एवढी साधी इच्छा. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात तसं.

रुमाल म्हणून काय टाकतात? बहुतेकदा पूर्ण देह नाही. दहनानंतर मानेतला एक मणका बाजूला काढतात. तो मांडी घालून बसलेल्या बुद्धासारखा दिसतो म्हणून त्याचं नाव ‘नोदोबोतोके’, गळ्यातला बुद्ध. ते हाड, नाहीतर थोडे केस, कोयासानला आणून ठेवायची प्रथा मध्ययुगापासून आहे. कोयाहिजिरी नावाचे फिरते साधू गावोगाव जाऊन ती पसरवत असत.

ओदा नोबुनागा या सरदाराने १५८१ साली कोयासानविरुद्ध मोहीम काढली आणि अशा साधूंची कत्तल केली. पुढच्याच वर्षी त्याच्याच सरदाराने, आकेची मित्सुहिदेने, दगा देऊन त्याला संपवलं. आज ओकुनोइनमध्ये नोबुनागाची समाधी आहे आणि मित्सुहिदेचीही. मित्सुहिदेचा दगड कितीही वेळा बदलला तरी तडकतो, नोबुनागाच्या रागाने, असं सांगतात. जन्मभर एकमेकांशी लढलेले ताकेदा शिंगेन आणि उएसुगी केनशिनही याच वाटेवर आहेत. डोंगराने कोणाला नाही म्हटलेलं नाही.

मग रॉकेटची समाधी कशाला?

नव्या भागात एक उंच रॉकेट उभं आहे, विमानांचे भाग बनवणाऱ्या कंपनीने उभारलेलं. एका कॉफी कंपनीचा दगडी कप आहे. वाळवी मारणाऱ्या व्यावसायिकांनी वाळवीसाठी स्मारक बांधलंय, त्यावर ‘शांत झोपा’ अशा अर्थाचे शब्द आहेत.

“हा तर जाहिरातीचा बाजार!” हा आक्षेप अर्धा खरा आहे. पण विसाव्या शतकातला जपानी नोकरदार सबंध आयुष्य एकाच कंपनीत घालवायचा. नोकरीत असताना वारलेल्यांसाठी दरवर्षी प्रार्थना करणं हे कंपनीला मालक म्हणून, खरं तर घरातल्या थोरल्यासारखं, आपलं काम वाटलं. वाळवीचं स्मारक त्याहून सोपं: पोटासाठी ज्यांना मारलं त्यांची माफी मागणं.

हे शिंतो की बौद्ध?

बाहेरच्याला पडणारा हा प्रश्न शेकडो वर्षं तिथल्या माणसाला पडला नव्हता. शिंतो म्हणजे स्थानिक देवांची पूजा. वाट दाखवणारा शिकारी देव आणि जमीन देणारी निउत्सुहिमे देवी यांची देवळं कोयासानच्या मुख्य मंदिर-संकुलातच आहेत. पायथ्याच्या मूळ देवळाला जाऊन मग वर यायची जुनी पद्धत होती. घरमालकाला न भेटता भाडेकरूच्या खोलीत शिरत नाहीत, तसं. १८६८ साली मेइजी सरकारने देव आणि बुद्ध यांची सक्तीने वाटणी केली. कागदावर ती झाली. डोंगरावर तितकीशी झाली नाही.

बायकांना बंदी होती, त्याचं काय?

होती, आणि ती गोड करून सांगण्यात अर्थ नाही. १८७२ साली सरकारने हुकूम काढून ती उठवली, तोवर हजारएक वर्षं बायकांना पठारावर पाऊल ठेवता येत नव्हतं. सात प्रवेशवाटा होत्या आणि प्रत्येकीच्या तोंडाशी बायकांसाठी एक उतारघर, न्योनिन्दो. त्यांतलं एकच आज उरलंय. बायका भोवतीच्या डोंगरकडेने चालत जायच्या आणि झाडांमधून खालची मंदिरं पाहायच्या. ती पायवाट अजून आहे.

कूकाय यांची आई मुलाला भेटायला आली, तिलाही पायथ्याशीच राहावं लागलं असं परंपरा सांगते. ते महिन्यातून नऊ वेळा उतरून तिला भेटायला यायचे, म्हणून त्या गावाचं नाव कुदोयामा, ‘नऊ वेळांचा डोंगर’. ही कथा प्रेमळ म्हणून सांगतात. मला ती ऐकताना पहिल्यांदा हेच जाणवतं की आई एकदाही वर गेली नाही. आणि ओमिनेच्या सान्जोगाताके शिखरावर बायकांना आजही प्रवेश नाही.

ते हे खरंच मानतात का?

जपानी माणसाला “तुमचा धर्म कोणता?” विचारलं तर पुष्कळदा “तसा कुठलाच नाही” असं उत्तर येतं. तोच माणूस बाळाला देवळात नेतो, बापाचं दिवसकार्य भिक्षूकडून करतो आणि कोयासानला गळ्याचं हाड पोचवतो. यात ढोंग नाही. पंढरपुरात विठोबाला काकडआरतीला उठवतात, नैवेद्य दाखवतात, रात्री शेजारती करून निजवतात. “मूर्ती खरंच जेवते का?” हा प्रश्न तिथे चुकीचा नाही, पण गैरलागू आहे. सेवा चुकू नये, हा मुद्दा असतो. कोयासानच्या पेटीचंही तसंच: आत कोण आहे याचं उत्तर दर पिढीत बदललं असेल, पण सहाची वेळ पाळायचं सुटलं नाही.

शिकोकूच्या ८८ मंदिरांची परिक्रमा करणारे यात्रेकरू हे आणखी पुढे नेतात. बाराशे किलोमीटरच्या आसपासची ती वाट एकट्याने चाललात तरी टोपीवर लिहिलेलं असतं, ‘दोघे मिळून चाललोय’. दुसरे म्हणजे दाइशी, आणि ते हातातल्या काठीत असतात. म्हणून मुक्कामाला पोचल्यावर आपले पाय धुण्याआधी काठीचं टोक धुतात. पुलावर काठी टेकवत नाहीत, कारण दाइशी एकदा पुलाखाली झोपले होते, अजूनही असतील. वारीत पालखीबरोबर चाललेल्याला हे वेगळं सांगावं लागणार नाही. परिक्रमा संपली की आभार मानायला कोयासानला येतात.

महाराष्ट्राचा एक धागा इथे अगदी अलीकडे जुळला. कोयासान विद्यापीठात २०१५ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा बसला, अनावरण तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी केलं. मंत्र, होम आणि समाधीला नैवेद्य असलेला बौद्ध धर्म इथे, आणि कर्मकांड झटकून टाकणारा नागपूरचा धम्म समोर. दोघांच्या तोंडी बुद्धाचंच नाव. या पुतळ्यापाशी उभं राहून विद्यार्थी काय वाद घालत असतील, ते ऐकायला मला आवडेल.

जायचं असेल तर

ओसाकाच्या नाम्बा स्टेशनहून नानकाई रेल्वे गोकुराकुबाशीपर्यंत नेते. नावाचा अर्थ ‘स्वर्गाचा पूल’. तिथून पाच मिनिटं केबल कार, मग बस. पायात बळ असेल तर पायथ्याच्या जिसोन-इन मंदिरापासून जुनी वाट आहे. तिच्यावर दर १०९ मीटरला एक, असे मुख्य मंदिर-संकुलापर्यंत १८० दगडी खांब आहेत, तेही पाच आकारांचे. ही वाट आणि कोयासान २००४ साली युनेस्कोच्या जागतिक वारशात गेले.

डोंगरावर ११७ मंदिरं आहेत, त्यांतली पन्नासेक यात्रेकरूंना मुक्कामाला घेतात. अशा मंदिराला शुकुबो म्हणतात. दर हॉटेलइतके, कधी जास्तही. जेवणात मांस, मासे, अंडी नाहीत, कांदा-लसूणही नाही. कोयादोफू म्हणजे गोठवून सुकवलेलं तोफू, आणि तिळाचं मऊशार गोमादोफू हे तिथले खास पदार्थ. संध्याकाळी सहाच्या सुमारास जेवण, पहाटे प्रार्थना. दारूला मठात ‘हान्न्यातो’ म्हणतात. शब्दशः ‘प्रज्ञेचं गरम पाणी’. नियम मोडला नाही, नाव बदललं. ओसाकापेक्षा थंडी बरीच जास्त असते, स्वेटर ठेवा.

ओकुनोइनला जाताना ‘ओकुनोइन-माए’ थांब्यावर उतरू नका. तो जवळचा आहे, पण जुनी वाट चुकते. पहिल्या पुलाजवळच्या थांब्यावर उतरा. तिसऱ्या, शेवटच्या पुलावर कॅमेरा आत ठेवायचा, टोपी काढायची. पुलाला ३६ फळ्या आहेत, प्रत्येकीच्या खालच्या बाजूला एका देवतेचं बीजाक्षर. अख्खा पूल मिळून सदतिसावी देवता. पलीकडे हजारो दिव्यांचं दालन आहे. तिथला एक दिवा एका गरीब मुलीने केस विकून लावलेला, तो हजार वर्षं विझलेला नाही असं सांगतात. दालनाच्या मागे समाधीचं कुंपण लागतं, आणि वाट संपते. सहाला उठणं जमलं नाही, तर साडेदहाला पुलापाशी थांबा. पेटी येताना दिसेल.